६९९ सीसी : एका आयातशुल्काने आकार दिलेले इंजिन

नव्या वर्षाची मोटारसायकल जुन्या वर्षाच्या गाडीपेक्षा थोडी मोठी, थोडी वेगवान असावी, हा १९७० च्या दशकातल्या जपानी कंपन्यांचा शिरस्ता होता. १९८४ साली अमेरिकेतल्या यामाहाच्या दुकानांत मात्र उलटेच घडले. आदल्या वर्षापर्यंत ‘व्हिरागो ७५०’ म्हणून विकली जाणारी गाडी त्या वर्षी ‘व्हिरागो ७००’ होऊन आली. होंडाची ‘शॅडो ७५०’ जेमतेम वर्षभर टिकली आणि तिचीही ‘शॅडो ७००’ झाली. १९८५ मध्ये सुझुकीने ‘इंट्रूडर’ ही नवीकोरी क्रूझर तिथे उतरवली, तीसुद्धा ७००.

व्हिरागोचे इंजिन उघडून पाहिले तर बदल कुठे झाला ते लगेच दिसते. पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, दोन्ही इंजिनांत ६९.२ मिलिमीटरच आहे. सिलिंडरचा व्यास मात्र ८३ वरून ८०.२ मिलिमीटरवर आला आहे. या २.८ मिलिमीटरमुळे ७४८ सीसीचे इंजिन ६९९ सीसीचे झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने याला एकही कारण नव्हते. कारण वॉशिंग्टनमध्ये होते, आणि आजचा धागा त्याच २.८ मिलिमीटरविषयी आहे.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. क्रूझर म्हणजे ठेंगणी बैठक, उंच व मागे वळलेले हँडल, पाय पुढे पसरायची सोय आणि घाई नसलेले इंजिन. हा घाट अमेरिकेचा, आणि त्यावर हार्ले-डेव्हिडसनची छाप. जपान्यांनी त्याची पहिली नक्कल आपल्याच साध्या गाड्यांना वेषांतर करून केली. कावासाकीने १९७६ मध्ये ‘झेड ९०० एलटीडी’ आणली, यामाहाने १९७८ मध्ये ‘एक्सएस ६५० स्पेशल’. कपडे अमेरिकी, पण आतली इंजिने सरळ उभ्या सिलिंडरांची. मोटारसायकल ओळखणाऱ्या माणसाला इंजिनाचा तोंडवळा आधी दिसतो, त्यामुळे हे सोंग अर्धेच वठत होते.

१९८१ ची व्हिरागो ही या बाबतीत वेगळी. यामाहाने तिच्यासाठी ‘व्ही’ आकाराचे, हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे इंजिन मुळापासून नवे बनवले. दोन सिलिंडरांमधला कोन ठेवला ७५ अंशांचा. हा आकडा मला फार बोलका वाटतो. दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर बसवले आणि कोन ९० अंशांचा ठेवला, तर पिस्टनच्या ये-जा करण्याने होणारे मुख्य कंपन क्रँकवरच्या प्रतिभाराने जवळजवळ नाहीसे करता येते. पण असे इंजिन लांबलचक होते, आणि गाडीही त्याबरोबर लांबते. हार्लेचा कोन ४५ अंशांचा. ते इंजिन आटोपशीर, दिसायला भरीव, पण थरथर ठरलेली. ७५ अंशांत कंपन बऱ्यापैकी आटोक्यात येते, दोन सिलिंडरांच्या बेचक्यात दोन कार्ब्युरेटर बसतात, आणि घाट ‘व्ही’चाच राहतो.

आवाजाचा उगमही याच कोनात आहे. एका पिनेच्या इंजिनात दोन स्फोटांमधले अंतर समान नसते. हार्लेत क्रँक ३१५ अंश फिरल्यावर एक स्फोट होतो आणि पुढचा ४०५ अंशांनी. व्हिरागोत हीच अंतरे २८५ आणि ४३५ अंशांची आहेत. दोन्ही लंगडतच चालतात, पण लय निराळी. जाणकाराला डोळे मिटूनही फरक कळतो.

आणखी एक बारकावा. हार्लेत एका रॉडचे टोक दुबेळक्यासारखे असते आणि दुसऱ्याचे टोक त्या बेचक्यात बसते, म्हणून दोन्ही सिलिंडर एकामागे एक नेमक्या रेषेत उभे राहतात. व्हिरागोत दोन रॉड पिनेवर शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे सिलिंडर एकमेकांपासून किंचित बाजूला सरकलेले असतात. घडवायला हे सोपे, आणि मागच्या सिलिंडरला थोडा अधिक वारा मिळतो हा वरचा लाभ.

इंजिनाला खालून कवेत घेणाऱ्या नळ्याही यामाहाने काढून टाकल्या. वर पत्र्याचा दाबून घडवलेला पोकळ कणा आणि त्याला लटकलेले इंजिन. इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग. मागे एकच शॉकअॅब्सॉर्बर. आणि मागच्या चाकाकडे शक्ती नेणारी साखळी नव्हतीच, तिच्या जागी बंदिस्त शाफ्ट. दर काही शे मैलांनी साखळीला तेल पाजणे, ती ताणणे, झिजली की दातेरी चाकांसकट बदलणे, या साऱ्या उठाठेवीतून मालक मोकळा झाला. (त्याच कुटुंबातल्या युरोपच्या ‘टीआर १’ला साखळी होती, पण ती ग्रीसने भरलेल्या बंद पेटीतून धावे.)

या निर्णयाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या हार्लेची अवस्था पाहायला हवी. १९६९ मध्ये एएमएफ या बड्या उद्योगसमूहाने हार्ले विकत घेतली. उत्पादन वाढले, दर्जा घसरला, आणि दुकानात उभ्या नव्या गाडीखालीच तेलाचे थेंब पडू नयेत म्हणून पुठ्ठा अंथरावा लागतो, असे विनोद रूढ झाले. १९८१ मध्ये वॉन बील्स यांच्यासह १३ अधिकाऱ्यांनी सुमारे ८ कोटी डॉलरना ही कंपनी परत विकत घेतली, त्यातही बहुतांश पैसा कर्जाचा. त्याच वर्षी तेल न गळणारी, बटण दाबताच सुरू होणारी, साखळीची कटकट नसलेली व्ही-ट्विन क्रूझर जपानहून आली.

बटण दाबताच सुरू होणारी, हे विधान पुढे थोडे दुरुस्त करावे लागेल. तूर्त जपानकडे वळू.

यामाहाने याच सुमारास होंडाला मागे टाकून जगातली पहिल्या क्रमांकाची मोटारसायकल कंपनी होण्याचा चंग बांधला होता. होंडाचे लक्ष मोटारींकडे वळले आहे, हीच वेळ, असा अध्यक्ष हिसाओ कोइके यांचा हिशेब. होंडाने दिलेले उत्तर आजही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत शिकवले जाते. अठरा महिन्यांत होंडाने ११३ नवी वा बदललेली मॉडेले बाजारात ओतली. यामाहाला ३७ च जमली. १९८३ मध्ये यामाहाने जाहीर माघार घेतली. या लढाईचा उकिरडा मात्र समुद्रापलीकडे साचला. अमेरिकेतल्या गोदामांत न विकलेल्या जपानी गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि गेल्या वर्षीची कोरी गाडी घसघशीत सवलतीत मिळू लागली.

नेमके याच रांगांकडे बोट दाखवून हार्लेने सप्टेंबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली. आधार होता १९७४ च्या व्यापार कायद्यातल्या २०१ व्या कलमाचा. या कलमाची गंमत अशी की परदेशी स्पर्धकाने लबाडी केली हे सिद्ध करावे लागत नाही. आयात इतकी वाढली की देशी उद्योगाला गंभीर इजा झाली किंवा होण्याचा धोका आहे, एवढे दाखवले की पुरते. जानेवारी १९८३ मध्ये आयोगाने २ विरुद्ध १ मतांनी हार्लेच्या बाजूने कौल दिला. ‘इजा झाली’ असे आयोगाने म्हटले नाही, ‘धोका आहे’ असे म्हटले, आणि त्याला गोदामांतला साठा कारणीभूत ठरला. म्हणजे होंडा-यामाहाच्या घरच्या भांडणाने हार्लेच्या हाती आयता पुरावा दिला. इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन प्रकरणे बहुधा वेगवेगळी सांगितली जातात. ती एकत्र वाचावीत असे माझे मत आहे.

मुक्त व्यापाराचे कैवारी म्हणवणाऱ्या रोनाल्ड रीगन यांनी एप्रिल १९८३ मध्ये ७०० सीसीवरील आयात मोटारसायकलींवरचे शुल्क ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेले. ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायचे होते: ३९.४, २४.४, १९.४ आणि अखेर १४.४. प्रत्येक देशाला ठरावीक संख्येपर्यंत जुन्याच दराची सवलत होती. जपानच्या वाट्याला पहिल्या वर्षी ६,००० गाड्या आल्या, आणि जपानी निर्यातीच्या मानाने ती संख्या नगण्य होती.

आता ‘७०० सीसीवरील’ हे शब्द पाहा. त्या वर्षी हार्लेची सर्वांत लहान गाडी १,००० सीसीची होती. ७५० च्या वर्गात हार्ले विकतच नव्हती, तरी जपानी ७५० गाड्या शुल्काच्या जाळ्यात सापडल्या. जाळ्याचे भोक किती मोठे आहे ते मासे लगेच हेरतात. यामाहाच्या आणि होंडाच्या अभियंत्यांनी ७५० च्या इंजिनांतून पन्नासेक सीसी छाटले आणि गाड्या जुन्याच दराने बंदरात उतरल्या. होंडाची चार सिलिंडरांची ‘मॅग्ना’ही याच वाटेने गेली. सर्वांत मोठ्या गाड्यांसाठी दुसरी वाट होती. होंडाचा ओहायोतल्या मेरीसव्हिलचा कारखाना १९७९ पासून चालू होता आणि ‘गोल्ड विंग’ तिथेच जुळवली जाई. कावासाकीचा कारखाना नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये होता. अमेरिकेत जुळवलेली गाडी आयात ठरत नव्हती. यामाहा आणि सुझुकीकडे असे छत्र नव्हते, म्हणून कात्री त्यांच्या इंजिनांवर जास्त चालली.

१९८४ च्या व्हिरागोत आणखी एक बदल झाला, आणि तोही पुढचे पाऊल म्हणता येत नाही. मागचा एकेरी शॉकअॅब्सॉर्बर गेला, दोन बाजूंना दोन असे जुने सस्पेन्शन आले. टाकीला अश्रूच्या थेंबाचा आकार मिळाला. १९८१ च्या गाडीत यामाहाने अमेरिकी घाटाला जपानी अभियांत्रिकीची जोड दिली होती. तीन वर्षांत ग्राहकाने कळवले की घाट हवा, अभियांत्रिकी झाकून ठेवा. इंजिन कायद्याने लहान केले आणि मागची बाजू आवडीनिवडीने जुनी केली, दोन्ही एकाच वर्षी.

या शुल्काने हार्ले वाचली का? लोकप्रिय कथा ‘वाचली’ असे सांगते. मार्च १९८७ मध्ये हार्लेने शुल्क मुदतीआधीच उठवा अशी स्वतःहून विनंती केली, मे महिन्यात रीगन पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या कारखान्यात जाऊन कामगारांची पाठ थोपटून आले, ऑक्टोबरमध्ये शुल्क रद्द झाले. कथानक झोकदार आहे. पण तोवर शुल्क १४.४ टक्क्यांवर उतरलेच होते आणि मुदतीचे काही महिनेच उरले होते, हे त्या कथेत सहसा सांगत नाहीत.

तायजू कितानो आणि हिरोशी ओहाशी या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निष्कर्ष काढला की हार्लेच्या वाढलेल्या विक्रीचा थोडाच भाग शुल्काच्या खाती टाकता येतो. त्यांचे कारण मार्मिक आहे: ग्राहकांच्या लेखी हार्ले आणि मोठी जपानी गाडी एकमेकींना पर्याय नव्हत्याच. जपानी गाडी महागली म्हणून हार्ले घेणारे फार थोडे होते.

मग हार्ले सावरली कशाने? बऱ्याच अंशी शत्रूकडून शिकल्याने. कंपनी हाती घेतल्यावर तिच्या अधिकाऱ्यांनी मेरीसव्हिलचा होंडाचा कारखाना पाहिला. तिथे सुट्या भागांचे डोंगर नव्हते. लागेल तेवढा माल लागेल त्या वेळी येत होता, आणि दोष जिथे जन्मतो तिथेच पकडला जात होता. हार्लेने ही पद्धत उचलली. १९८४ च्या मॉडेलांबरोबर अॅल्युमिनियमच्या सिलिंडरांचे ‘इव्होल्यूशन’ इंजिन आले आणि तेलगळतीचे विनोद हळूहळू शिळे झाले. १९८६ मध्ये ३,९९५ डॉलरना ८८३ सीसीची स्पोर्टस्टर काढून हार्लेने खालच्या वर्गातही पाय ठेवला. शुल्काचा खरा उपयोग सावकारांना धीर देण्यापुरता झाला असावा, असे मला वाटते. कर्जात बुडालेल्या कंपनीला तेही कमी नव्हते.

आपल्याकडेही हार्लेचे नाव व्यापारी वाटाघाटींतूनच गाजले. २००७ मध्ये हार्लेच्या आयातीची वाट मोकळी झाली आणि त्याच देवाणघेवाणीत भारतीय आंब्याला १८ वर्षांनी अमेरिकेचा दरवाजा उघडला. लासलगावच्या विकिरण केंद्रातून निघालेल्या पहिल्या खेपेत हापूस होता. जपानी क्रूझरचा घाट आपल्या रस्त्यांवर त्याआधीच आला होता: पुण्याच्या बजाजने २००१ मध्ये कावासाकीच्या साहाय्याने ‘एलिमिनेटर’ आणली आणि २००५ मध्ये तिच्या जागी स्वतःची ‘अॅव्हेंजर’.

शुल्क उठले आणि १९८८ मध्ये व्हिरागो पुन्हा ७५० झाली. होंडाची त्यानंतरची गोष्ट तर अधिकच मजेची. पहिल्या शॅडोमध्ये होंडाने ४५ अंशांचाच कोन घेतला होता, पण क्रँकवर दोन स्वतंत्र पिना ठेवून कंपन जवळजवळ संपवले होते. शिवाय पाण्याने थंड होणारे इंजिन आणि आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट. कागदावर निर्दोष. पण ग्राहकांना ती लंगडी धडधडच हवी होती. अखेर १९९५ च्या ११०० सीसीच्या ‘शॅडो एस’मध्ये होंडाने एका पिनेचा क्रँक बसवला आणि मोठ्या कष्टाने घालवलेली थरथर तितक्याच कष्टाने परत आणली.

आता वर दिलेले दुरुस्तीचे वचन. १९८१ ते १९८३ च्या व्हिरागोंचा स्टार्टर हा तिचा सर्वांत बदनाम अवयव. रचना अशी: मोटर फिरली की एक छोटे गियर आपल्या दांड्यावरच्या मळसूत्री खाचांवरून पुढे सरकते आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसते. ते जागच्या जागी फिरू न लागता पुढे सरकावे म्हणून तारेची एक क्लिप त्याला किंचित रोखून धरते. सारा डोलारा त्या क्लिपच्या ताणावर. ताण ढिला पडला की गियर सरकायचे सोडून फिरू लागते, दाते दात्यांवर घासतात आणि जात्यात खडे पडल्यासारखा आवाज येतो. किक नाही, आणि सव्वादोनशे किलोंच्या आसपासची गाडी ढकलून सुरू करणे हे एकट्याचे काम नाही. एवढ्या नीटस यंत्राची अब्रू चार आण्यांच्या तारेने घालवावी, याची हळहळ वाटते. मालकांनी त्यावर स्वतःच इलाज शोधले: नवी क्लिप, जाड केबल, स्वच्छ अर्थिंग, ताजी बॅटरी आणि मागाहूनच्या मॉडेलांतली चार ब्रशची जोरकस मोटर.

बाकीची देखभाल सोपी, पण ती करावी लागते. व्हॉल्व्हचे टॅपेट साध्या स्क्रू आणि लॉकनटचे आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेज घालून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची फट जुळवायची. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरच्या खुणा वेगळ्या असतात, त्यांची गल्लत झाली की सारे मुसळ केरात. दोन कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजवर समान ओढ दाखवतील असे जुळवावे लागतात, नाहीतर लंगडी लय खरोखरच लंगडी होते. शाफ्टला देखभाल लागत नाही या समजुतीने मात्र अनेक गाड्यांचा घात केला आहे. मागच्या गियरपेटीतले तेल बदलावे लागते, आणि मागचा टायर काढला की चाकाच्या जोडातल्या खाचांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावावे लागते. कोरड्या राहिलेल्या खाचा आवाज न करता झिजतात आणि एके दिवशी इंजिन फिरते, चाक फिरत नाही.

पिस्टन रिंगा मागवायची वेळ आली, तर दुकानदार आधी गाडीचे साल आणि ती कोणत्या देशासाठी बनली ते विचारतो. १९८४ ते १९८७ ची अमेरिकी ७०० असेल तर ८०.२ मिलिमीटरच्या, ७५० असेल तर ८३ च्या.